घराची दुरुस्ती दोघांनी मिळून : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

घरदुरुस्तीविषयी या खेपेला जी पत्रे आली, त्यांतील बहुतेक पत्रे पती-पत्नींची आहेत. सगळेच काम कंत्राटदाराच्या हाती न सोपवता जमेल तेवढे आपण दोघांनी करावे, अशी त्यांची इच्छा आहे. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही ठाण्यात एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. इमारत १९९६ साली बांधलेली आहे. न्हाणीघराला लागून असलेल्या आमच्या झोपण्याच्या खोलीच्या भिंतीवर जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत रंगाचे पोपडे सुटले आहेत, आणि खालच्या शेजाऱ्यांनी त्यांच्या छताला ओल आल्याची तक्रार केली आहे. दिवाळीपूर्वी आपणच लांबी (म्हणजे पुट्टी) भरून रंग द्यावा आणि न्हाणीघराचे पुढच्या वर्षी पाहावे, असे माझ्या पतीचे म्हणणे आहे. आधी न्हाणीघराचे काम काढावे, असे मला वाटते. दोघांच्याही नोकऱ्या असल्यामुळे सुट्टीचे दिवसच काय ते हाती असतात आणि ते या वादात जातात. काय करावे?

उत्तर : क्रमाच्या बाबतीत तुमचे म्हणणे योग्य आहे. पाणी जिथून येते ती वाट बंद होईपर्यंत त्या भिंतीवर कोणतीही लांबी आणि कोणताही रंग टिकणार नाही. पुढच्या पावसाळ्यापूर्वीच पोपडे पुन्हा सुटतील आणि त्या कामावर घालवलेल्या सुट्ट्या वाया जातील. मात्र न्हाणीघर फोडण्याचा खर्च मोठा आहे आणि तो विचार न करता करू नये, ही तुमच्या पतींची सावधगिरीही रास्त आहे. म्हणून फरशी फोडण्यापूर्वी पाणी नेमके कुठून येते, याचा शोध तुम्ही दोघांनी मिळून घ्यावा. या शोधाला खर्च जवळजवळ येत नाही, आणि तो पूर्ण झाला की वाद घालण्यासारखे फारसे काही उरत नाही, असा माझा अनुभव आहे.

अशा भिंतीत पाणी सहसा तीन मार्गांनी येते : पाणीपुरवठ्याच्या नळीतून, न्हाणीघराच्या जमिनीतून किंवा नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतले पाणी वाहून जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या) सांध्यातून, आणि बाहेरच्या भिंतीतून. न्हाणीघराचा मुख्य कॉक काही दिवस बंद ठेवून बादलीने पाणी वापरा. तेवढ्या दिवसांत ओल स्पष्टपणे ओसरली, तर दोष दाबाखाली असलेल्या नळीत आहे. ती ओसरली नाही, पण न्हाणीघराचा वापर पूर्ण थांबवल्यावर ओसरू लागली, तर दोष जमिनीत किंवा ट्रॅपमध्ये आहे. ओल फक्त पावसाळ्यात वाढत असेल आणि एरवी सुकत असेल, तर बाहेरची भिंत पाहावी लागेल. या प्रत्येक टप्प्यावर पेन्सिलीने ओलीची कड आखून शेजारी तारीख लिहून ठेवा. शिवाय भिंतीवर फूटभर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक-दोन दिवस ठेवावा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला जमले, तर ओल भिंतीतून येत आहे, आणि बाहेरच्या बाजूला जमले, तर ती खोलीतल्या दमट हवेची आहे.

दोष कुठे आहे हे कळल्यावर खर्च कोणाचा, हेही ठरते. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे न्हाणीघर, शौचालय आणि मोरी यांच्यामुळे होणारी आतली गळती सदस्याने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते. गच्चीतून आणि बाहेरच्या भिंतींतून येणारे पावसाचे पाणी ही संस्थेची जबाबदारी असते. खालच्या शेजाऱ्यांची ओल तुमच्या न्हाणीघरातून होत असेल, तर त्यांच्याकडे तुम्ही दोघांनी मिळून जावे आणि कामाची तारीख त्यांना सांगावी. त्यांच्या छताकडे पाहूनच तुमचे काम यशस्वी झाले की नाही हे समजणार आहे, तेव्हा त्यांचे सहकार्य तुम्हाला लागेलच.

न्हाणीघराचे मुख्य काम मात्र तुम्ही स्वतः करू नये. जुनी फरशी आणि खालचा भराव काढणे, नळ्या बदलणे, विटांच्या तुकड्यांचा कोबा (जमिनीचा ठोकून घट्ट केलेला थर) करणे, त्यावर जलरोधक लेप देणे आणि भिंत-जमिनीच्या कोपऱ्यात गोलाकार वाटा घेणे (मसाला भरून कोपरा गोल करणे), हे जाणत्या गवंड्याचे आणि प्लंबरचे काम आहे. त्यात हातोड्याचा एखादा चुकीचा घाव स्लॅबलाही इजा करू शकतो. तुमच्याकडे देखरेख राहते आणि ती कमी महत्त्वाची नाही. जमिनीवरचा जलरोधक लेप भिंतीवर किमान फूटभर, आणि शॉवरच्या बाजूला त्याहून बराच वर चढला पाहिजे. ट्रॅपकडे जाणाऱ्या जमिनीचा उतार मीटरला १० ते १२ मिलीमीटर असावा आणि तो पातळीने (लेव्हलने) मोजून घ्यावा. फरशी बसण्यापूर्वी ट्रॅपचे तोंड बंद करून लेपावर पाणी साठवावे, ते किमान ४८ तास तसेच राहू द्यावे आणि त्या काळात खालच्या छताची पाहणी करावी. ही चाचणी झाल्याशिवाय फरशी लावायची नाही, हे गवंड्याला काम देतानाच सांगा, कारण नंतर ‘साहेब, उगाच दोन दिवस खाडा होतो’ असे म्हटले जाते आणि घाईत असलेले घरमालक मान तुकवतात. नळ्या झाकल्या जाण्यापूर्वी प्रत्येक भिंतीशेजारी मोजपट्टी धरून छायाचित्रे काढून ठेवली, तर पुढे आरसा किंवा टॉवेलची दांडी लावताना नळी फुटण्याचे भय राहत नाही.

आता तुमच्या पतींच्या वाट्याच्या कामाविषयी. भिंत सुकायला अनेक आठवडे लागतात, म्हणून दिवाळीचा आग्रह या एका भिंतीपुरता सोडावा आणि उरलेल्या खोल्या खुशाल रंगवाव्यात. ओलीच्या भिंतीवर पांढरे क्षार फुटले असतील, तर ते कोरड्या ब्रशने झाडून काढावेत. पाण्याने धुतले, तर ते विरघळून पुन्हा भिंतीतच मुरतात. पोकळ वाजणारा गिलावा काढून तेथे एकास चार प्रमाणात सिमेंट-वाळूचा गिलावा करावा, तो किमान सात दिवस ओला ठेवावा, पूर्ण वाळू द्यावा आणि त्यानंतरच लांबी, प्रायमर व रंगाचे दोन हात द्यावेत. आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमच्या दारे-खिडक्यांवरचा आणि गजांवरचा तेलरंग त्याच्या फार आधीचा असल्यामुळे त्यात शिसे असण्याची शक्यता धरून चालावे. तो कोरडा घासू नये. पाण्याचा पॉलिश पेपर वापरून ओला घासावा, नाकातोंडावर धूळ रोखणारा चांगला मास्क असावा, लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना त्या दिवसांत घरात ठेवू नये, आणि जमिनीवरचा गाळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपून घ्यावा.

काम सुरू करण्यापूर्वी संस्थेच्या सचिवांना लेखी अर्ज द्या आणि इमारतीच्या संरचनात्मक तपासणीचा अहवाल पाहायला मागा. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतीची ही तपासणी दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतीची दर तीन वर्षांनी व्हायला हवी. फरशी काढल्यावर स्लॅबमधील गंजलेल्या सळ्या दिसल्या, तर काम तेथेच थांबवून संस्थेला कळवा. तुळई, खांब आणि बाहेरच्या भिंती यांना हात लावण्याचा अधिकार कोणाही एका सदस्याला नसतो.

प्रश्न : आम्ही नाशिकचे. आमच्या घरात ड्रिल मशीन, करवत, पाना ही हत्यारे मी, म्हणजे पत्नी, चालवते. माझ्या यजमानांना त्याची आवड नाही, पण मोजमाप, हिशेब आणि रंगकाम ते फार नीट करतात. आमचे आम्हाला यात काही वावगे वाटत नाही. परंतु सासरची मंडळी बोलतात, आणि कारागीर घरी आले की मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही यजमानांकडे पाहून देतात. स्वयंपाकघरातील विजेची नवी जोडणीही मीच करावी म्हणते. आपले मत सांगावे.

उत्तर : कामाची वाटणी ज्याला जे येते त्याप्रमाणे तुम्ही केली आहे आणि ती तशीच ठेवावी. वडीलधाऱ्यांशी या विषयावर वाद घालण्याची गरज नाही. तुम्ही बसवलेले फडताळ सरळ आहे आणि भार पेलते, हे ते रोज पाहतच असतील.

कारागिरांच्या बाबतीत मात्र स्पष्ट व्यवस्था हवी, कारण तेथे प्रश्न केवळ मानाचा नसून कामाच्या दर्जाचाही आहे. एका कारागिराला घरातून दोन वेगवेगळ्या सूचना मिळाल्या, तर तो सोयीची सूचना पाळतो. म्हणून प्रत्येक कामासाठी तुमच्यापैकी एकच व्यक्ती बोलेल, असे पहिल्याच दिवशी सांगावे आणि हे तुमच्या यजमानांनी सांगावे : ‘सुतारकाम आणि प्लंबिंग यांचे सगळे ह्या ठरवतील, रंगाचे मला विचारा.’ त्यानंतर कारागिराने त्यांच्याकडे पाहिले, तरी त्यांनी उत्तर न देता तुमच्याकडे पाहावे. ज्या कामाचे तुम्ही ठरवणार, त्याचे पैसेही तुमच्याच हातून दिले गेले पाहिजेत. काम मालासकट आहे की फक्त मजुरीवर, चौरस फुटाला दर किती, माल कोणत्या प्रतीचा, राडारोडा कोण उचलणार, हे सारे कागदावर लिहून त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता पाणी सोडून, दारे उघडझाप करून, दिवे लावून पाहिल्यावरच द्यावा. कारागिराला कामाच्या दिवशी वेळेवर पैसे देणे हेही त्याच करारात येते; हातावर पोट असलेल्या माणसाला ‘उद्या या’ म्हणणे योग्य नव्हे.

विजेच्या नव्या जोडणीला माझा स्पष्ट विरोध आहे. तुमच्या कौशल्याविषयी मला शंका नाही. पण नवी वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावी लागते, आणि चुकीच्या जोडणीचा दोष अनेकदा वर्ष-दोन वर्षांनी, भिंतीच्या आत, कोणाच्या लक्षात न येता आग लावतो. तुम्ही त्या कामाची जाणकार ग्राहक व्हावे. मिक्सर, मायक्रोवेव्ह अशांच्या १६ अँपिअरच्या जागांना तांब्याची किमान अडीच चौरस मिलीमीटरची तार आहे का, गिझरला स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाल्यास वीज तोडणारा स्विच) आणि अधिक जाड तार आहे का, अर्थिंग केवळ नावापुरते नाही ना, हे विचारावे. मुख्य फलकात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला नसेल, तर इतर कोणतीही सजावट मागे ठेवून तो आधी बसवून घ्या. माणसाच्या शरीरातून वीज जमिनीकडे वाहू लागली, तर क्षणार्धात पुरवठा तोडणारे साधन तेच आहे. एमसीबी ते काम करत नाही. त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. हे बटण कुठे आहे, घराचा मुख्य स्विच कोणता आणि पाण्याचा मुख्य कॉक कुठला, हे तुमच्या यजमानांनाही डोळे मिटून सांगता आले पाहिजे. हत्यारांची आवड नसली, तरी एवढे ज्ञान घरातल्या प्रत्येक प्रौढाला हवे.

ड्रिल चालवताना स्विच किंवा सॉकेटच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नये, कारण भिंतीतल्या तारा बहुधा त्याच रेषांतून नेलेल्या असतात. डोळ्यांवर चष्मा हवा. आणि घोड्यावर (दुहेरी शिडीवर) चढून काम करताना तुमच्या यजमानांनी दुसरे काही न करता घोडा धरून उभे राहावे. घरकामात पडून होणाऱ्या दुखापती मी इतक्या पाहिल्या आहेत की, हे काम ड्रिल चालवण्याइतकेच जबाबदारीचे आहे असे मी मानते.

प्रश्न : आमचे लग्न नुकतेच झाले असून आम्ही पुण्यात भाड्याच्या घरात राहतो. घर जुने आहे. नळ गळतात, ओट्यामागील फरशीचे सांधे काळे पडले आहेत. घर आपले नसताना आम्ही दोघांनी कितपत दुरुस्ती करावी?

उत्तर : जे उलटवता येते आणि ज्याने भिंतीला इजा होत नाही, ते अवश्य करावे. नळाखालचा अँगल कॉक बंद करून, नळाची मूठ व स्पिंडल काढून आतला झिजलेला वॉशर बदलणे हे पहिले काम म्हणून उत्तम आहे. तो हार्डवेअरच्या दुकानात अगदी अल्प किमतीत मिळतो, फक्त जुना वॉशर नमुना म्हणून सोबत न्यावा. चकतीच्या नव्या पद्धतीच्या नळात वॉशर नसतो, तेथे आतला पूर्ण भाग बदलावा लागतो. सांध्यांतील जुने ग्राऊट (सांधे भरण्याचा मसाला) टोकदार हत्याराने खरडून, सांधे धुऊन व वाळवून नवे भरावे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तेथे पाणी लागू देऊ नये. भोके पाडणे, रंग बदलणे किंवा काही कायमचे बसवणे यासाठी मालकांची लेखी संमती घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता होणार असेल, तर तेही आधीच लिहून घ्यावे.

प्रश्न : मुंबईतील नोकरीतून आम्ही दोघेही निवृत्त झालो असून रत्नागिरी जिल्ह्यातील वडिलोपार्जित घरी कायमचे राहण्याचा विचार आहे. घर जांभ्याच्या चिऱ्यांचे, मातीच्या व चुन्याच्या बांधणीचे आणि मंगलोरी कौलांचे आहे. काही वासे किडले आहेत, भिंती खालून ओलावतात. कौले काढून पत्रे घालावेत आणि भिंतींना सिमेंटचा गिलावा करावा, असा सल्ला गावात मिळतो आणि माझ्या पत्नीलाही ते सोयीचे वाटते. मला घर आहे तसेच राखायचे आहे. यंदाची शाकारणी (पावसाळ्यापूर्वी कौले उतरवून पुन्हा नीट लावणे) आम्ही दोघांनीच करावी, अशीही माझी इच्छा आहे.

उत्तर : तुमच्या इच्छेचा पहिला भाग मला मनापासून पटतो आणि शेवटचा भाग मी तुम्हाला करू देणार नाही. साठीनंतर कौलारू छपरावर चढणे, तेही किडलेल्या वाशांवर, हा धोका घेऊ नये. वर जाणारा माणूस सवयीचा असावा. पाय कौलाच्या मध्यावर न देता खाली वासा आणि रीप (कौले टेकतात ती आडवी पट्टी) जिथे आहे तिथे द्यायचा, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते.

खाली करण्यासारखे काम मात्र पुष्कळ आहे आणि ते तुम्ही दोघांनीच करावे असे मला वाटते. उतरवलेले प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून पाहावे. धड कौल खणखणीत वाजते, तडा गेलेले बद्द आवाज देते. शेवाळ घासून कौले वाळवावीत आणि साच्याप्रमाणे वेगळी रचावीत, कारण मंगळूरला बेझल मिशनने १८६५ साली पहिला कारखाना काढल्यापासून अनेक कारखान्यांनी ही कौले बनवली आणि वेगवेगळ्या साच्यांच्या खाचा एकमेकांत नीट बसतातच असे नाही. जुनी कौले मोडक्या घरांच्या मालकांकडून विकत मिळतात. ती घ्यायला जाताना आपले एक कौल नमुन्याला सोबत ठेवावे. वाशांची टोके, विशेषतः भिंतीत शिरतात ती, पेचकसाने टोचून पाहावीत. पेचकस सहज आत गेला, तर तो वासा बदलायचा, नाहीतर केवळ वरून काळवंडला आहे म्हणून जुने सागाचे किंवा फणसाचे लाकूड टाकून देऊ नये. वाळवीची मातीची नळी दिसली, तर ती नुसती पुसून भागत नाही. ती जमिनीत कुठून चढते ते शोधून तेथे उपचार करावा.

पत्र्यांविषयी तुमच्या पत्नींचे म्हणणे मी हलके मानत नाही. दर वर्षी माणूस शोधून शाकारणी करून घेणे हे उतारवयात कष्टाचे आहे, आणि तो भार बहुधा घर चालवणाऱ्या व्यक्तीवरच पडतो. वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या प्रदेशात छपराची चिंता खरी असते. पण उघड्या पत्र्याखाली एप्रिल-मे महिन्यांत राहवत नाही आणि पावसात बोलणेही ऐकू येत नाही. मधला मार्ग असा की, माजघर व झोपण्याच्या खोल्या यांवर कौलेच ठेवावीत, आणि पडवी, न्हाणी, लाकडे ठेवण्याची जागा यांवर पत्रा घालावा. हा निर्णय तुम्ही नकाशावर दोघांनी बसून घ्यावा. पडवीवर आधीच अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे असतील, तर ते फोडू किंवा कापू नका, त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ओले करून, न मोडता, अख्खे उतरवून घ्यावेत.

सिमेंटच्या गिलाव्याला मात्र दोघांनीही ठामपणे नकार द्यावा. जांभा सच्छिद्र असतो. जमिनीतून वर चढणारी ओल भिंतीच्या पृष्ठभागातून बाहेर पडत असते. सिमेंटच्या थराने ती वाट बंद झाली की, ओल आणखी वर चढते, माती-चुन्याचा सांधा आतून भुसभुशीत होतो आणि काही वर्षांत गिलाव्याच्या पाट्या चिऱ्याचा पापुद्रा घेऊन गळून पडतात. भिंतीचा खरा उपाय जमिनीवर आहे : घराभोवती साठलेली माती जोत्याच्या (घराच्या उंच चौथऱ्याच्या) खाली आणावी, पागोळ्यांचे पाणी पडते तेथे दगडी चर काढून ते दूर न्यावे, आणि जोत्याला लागून केलेला सिमेंटचा पट्टा असल्यास तो काढावा. त्यानंतर चुना आणि वाळू यांचा एकास तीन प्रमाणातला गिलावा करून तो गोणपाट लावून ओला ठेवावा. कळीचा चुना पाण्यात पडताच उकळतो आणि डोळ्यांत गेल्यास दृष्टी जाऊ शकते; म्हणून तो विरवण्याचे काम जाणत्याला द्यावे आणि तुम्ही विरवलेलाच चुना हाताळावा, तोही हातमोजे व चष्मा घालून. चुन्याचा हात भिंतीला देणे हे तुम्हा दोघांना सहज जमणारे काम आहे.

वेळेचे गणित असे ठेवावे. चराचे आणि गिलाव्याचे काम पावसाळा संपल्यावर नोव्हेंबरात सुरू करावे, म्हणजे चुन्याला सावकाश घट्ट व्हायला थंडीचे महिने मिळतील. वासे-रिपांचे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकावे, आणि कौले मे महिन्याच्या मध्यापर्यंत परत चढलेली असावीत, कारण जूनपूर्वीच्या वळवाच्या सरीही उघड्या छपरातून मातीच्या भिंतींचे मोठे नुकसान करतात. घर वडिलोपार्जित आहे, तेव्हा या सगळ्याच्या आधी ग्रामपंचायतीतील नोंदीवर कोणाकोणाची नावे आहेत ते पाहावे आणि नावे असलेल्या भाऊबंदांची लेखी संमती घ्यावी. खर्चाच्या पावत्याही जपून ठेवाव्यात. पुढे वाटणीचा विषय निघाला, तर घरावर कोणी काय खर्च केले याचा तोच पुरावा असतो.